मलप्रभेकाठचा आमचा वाडा विकणे आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातला आमचा चार पिढ्यांचा वाडा विकायचं ठरलं आणि तेव्हापासून घरातल्या कुणाचा ना कुणाचा फोन वाजतोच आहे. पुण्याहून, म्हापशाहून, बेळगावातून, कोल्हापुरातून. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण आम्हा भावंडांची उत्तरं वेगवेगळी जायला लागली, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं. यातली काही उत्तरं वाचून गिऱ्हाईक पळेल, असं आमच्या तात्यांना वाटतं. मला वाटतं, जो पळेल त्याने पळावंच. नदीकाठचं जुनं घर घेणाऱ्याला दोन गोष्टी आधी कळायला हव्यात: पाणी कुठवर येतं आणि कागदावर कोण कोण आहे. हे लपवून विकलेलं घर घेणाऱ्याला पचत नाही आणि विकणाऱ्यालाही.

वाडा नक्की कुठे आहे?

खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठावर. कणकुंबीला उगम पावलेली नदी हब्बनहट्टी, असोगा करत खानापुरात येते, तिथून पूर्वेकडे नवलतीर्थच्या धरणाला जाते आणि ३०४ किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. आमचं गाव तिच्या वरच्या अंगाला आहे. बेळगावहून खानापूर साधारण २६ किलोमीटर, पुढे थोडा आतला रस्ता. गावाचं नाव इथे देत नाही, कारण वाड्याला बहुतेक दिवस कुलूप असतं. बघायला यायचं ठरलं की पत्ता सांगतोच.

वाड्यात काय काय आहे?

दोन चौकांचा वाडा. दिंडी दरवाज्यातून आत आलं की ढेलज, म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, मग पुढचा चौक, त्याच्या तिन्ही बाजूंनी सोपे, म्हणजे ओसऱ्या. मधे माजघर, देवघर आणि कोठीची खोली. कोठीच्या भिंतीत धान्याचं बळद आहे, त्याचं झाकण अजून जागेवर आहे. मागच्या चौकात विहीर, न्हाणी आणि तुळशीवृंदावन. त्याच्यामागे नदीकडे तोंड असलेला लांब सोपा. वर माडी. शेवटी परडं, त्यात दोन फणस आणि एक जुना आंबा.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या, अडीच फूट जाडीच्या, जोतं काळ्या दगडाचं. पणजोबा लाकडाच्या व्यापारात होते. लोंढा-खानापूरच्या जंगलातला साग त्यांच्या हाताखालून जायचा, त्यामुळे खांब, तुळया, कडीपाट सगळं सागाचं. कारागिरी फार नक्षीची नाही. पुढच्या सोप्यात महिरपी आहेत, देवघराच्या चौकटीवर वेलबुट्टी आहे, बाकी साधं, पण एकेका खांबाचा बुंधा बघितला की लाकूड निवडणाऱ्याची नजर कळते.

आधी वाड्यावर इथल्या कुंभारांनी घडवलेली नळीची कौलं होती. खानापूरची माती कौलांना आणि विटांना चांगली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था खानापुरात निघाली तीही या मातीमुळेच. पुढे मंगळुरी कौलं आली. मंगळूरला बासेल मिशनने पहिला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, आणि रेल्वे झाल्यावर ती कौलं घाटावरही पोचू लागली. मागच्या पडवीवर अजून दोन रांगा नळीच्या कौलांच्या आहेत. त्या आज्जीने काढू दिल्या नाहीत, कारण त्या पडवीखाली उन्हाळ्यात सगळ्यात गार वाटतं.

पुराचं पाणी घरात येतं का?

येतं. हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण बहुतेकजण तो शेवटी आणि हळू आवाजात विचारतात.

नदीकडच्या सोप्याच्या कोपऱ्यातला खांब तेवढा दगडी आहे, त्यावर आम्ही छिन्नीने खुणा केल्या आहेत. २००५ चं पाणी सोप्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सोप्यात शिरलं, गुडघाभर चढलं आणि दीड दिवस राहिलं. २०२१ च्या जुलैमध्ये शेवटच्या पायरीला लागून उतरलं. मागचा चौक, माजघर आणि पुढचा वाडा जोत्याने तीन हात उंच आहे, तिथे आमच्या माहितीत पाणी आलेलं नाही. खांबावर आजोबांच्या काळातली आणखी एक खूण आहे, २०१९ च्या खुणेच्या वर चार बोटं. तिच्याशेजारी साल कोरलेलं नाही. ती पुसलेली नाही आणि कुणी पुसूही नये.

इथल्या पुराचा स्वभाव मात्र समजून घ्या. चिकोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णेचं पाणी पसरतं आणि दिवसच्या दिवस रानात उभं राहतं. आमच्याकडे नदी घाटमाथ्यावरून नुकतीच खाली आलेली असते. कणकुंबी-जांबोटीकडे रात्रभर कोसळलं की सकाळी नदी फुगते आणि पाऊस उघडला की तितक्याच झपाट्याने उतरते. दुसरं असं, की आमच्या वर मलप्रभेवर मोठं धरण नाही. नवलतीर्थचं धरण खालच्या अंगाला आहे. म्हणजे इतक्या क्युसेकने पाणी सोडतोय, सावध राहा, असा निरोप आम्हाला कधीच येत नाही. इथे कणकुंबीच्या नातेवाइकांना रात्री दहाला फोन करून पाऊस कसा आहे विचारायचं, ही पद्धत आहे. वाडा घेणाऱ्याने वरच्या गावात एक तरी घर ओळखीचं करावं.

त्यामुळे मागच्या सोप्यात फ्रीज, लाकडी कपाटं, विजेची खालची बटणं यातलं काही ठेवू नका. आम्ही २०१९ नंतर तिथली सगळी बटणं छातीच्या उंचीवर घेतली. आमच्या मोठ्यांनी तो सोपा फक्त बसायला, धान्य वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला ठेवला होता, आणि त्याचं कारण आम्हाला २०१९ मध्ये कळलं.

सीआरझेड लागतो का? गोव्यात नदीकाठच्या घरांना लागतो म्हणतात.

हा प्रश्न गोव्याकडच्या लोकांचा असतो आणि रास्त आहे. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध. तो समुद्रकिनाऱ्याला आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवरच्या नद्या-खाड्यांना लागू होतो. मांडवी, जुवारी किंवा कारवारची काळी नदी यांच्या काठावर तो विचार करावा लागतो. मलप्रभेला इथे भरती-ओहोटी नाही, तेव्हा सीआरझेड नाही. याचा अर्थ नदीकडे हवं ते बांधता येतं असा मात्र नाही. नवं बांधकाम करायचं असेल तर कुठवर परवानगी मिळते ते पंचायतीकडून आधी लेखी घ्या, तोंडी भरवशावर जाऊ नका.

जवळपास पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे का, हेही काहीजण विचारतात. आमच्या वाड्याजवळ नाही. पण बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाशेजारी जुनं घर बघत असाल तर पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने, हा नियम घर बघायच्या आधी बघा.

घाट वाड्याच्या मालकीचा आहे का? आम्हाला तो बंद करून घेता येईल?

नाही. नदी, तिचं पात्र आणि पात्रातली वाळू सरकारची, असं कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्यात स्पष्ट आहे. पायऱ्या पणजोबांनी बांधल्या हे खरं, पण त्या बांधल्याच मुळी गावासाठी. वाड्याच्या उजव्या अंगाने घाटाला जाणारी बोळ आहे, तिच्याबद्दल आमच्या जुन्या वाटणीपत्रातच लिहिलंय की ती गावाला कायम मोकळी राहील. गणपती त्याच बोळातून विसर्जनाला जातात. पाणी चढलं की बायका तिथूनच नदीची ओटी भरायला उतरतात. उन्हाळ्यात सकाळी धुण्याचा आवाज माडीपर्यंत येतो.

ज्यांना 'प्रायव्हेट रिव्हर फ्रंट' हवाय त्यांनी हा वाडा घेऊ नये. एका साहेबांनी बोळीला फाटक बसवायची अट घातली, मग व्यवहार तिथेच संपला. किंमत चांगली होती.

वारस किती आहेत? सगळे सह्या करणार आहेत का?

चौदा. त्यात पाच मुली. सगळे सह्या करणार आहेत, आणि याला आम्हाला साडेतीन वर्षं लागली.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या सीमाभागात वाडे पडतात ते पावसाने कमी आणि सह्यांअभावी जास्त. पणजोबांना तीन मुलगे. त्यांच्यात एक वाटणी झाली ती शेतीची. वाड्याची झालीच नाही, कारण वाडा मोडून वाटता येत नाही असं तेव्हा सगळ्यांनी धरलं. मग पुढच्या पिढीने आपापल्या सोयीने खोल्या वापरल्या आणि कागदावर थोरल्याचं नाव राहिलं. एक नाव दिसतं म्हणून एकच मालक असं नसतं. उताऱ्यावरचं नाव हे कर भरणाऱ्याचं नाव असतं, मालकी वारसाहक्काने ठरते.

मुलींच्या हिश्शाबद्दल अजूनही गैरसमज आहेत. कर्नाटकाने १९९४ च्या जुलैमध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरातच मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं. आणि आमच्यात तोंडी वाटणी झालेली होती असं नुसतं म्हणून भागत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधीची वाटणी दाखवायची तर सहसा नोंदणीकृत कागद किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो.

आमच्या दोन आत्यांकडून 'हक्कसोड करून घेऊ, त्या काही म्हणणार नाहीत' अशी भाषा घरात सुरुवातीला झाली. मला ती पटली नाही. धाकटी आत्या त्या बैठकीत एवढंच म्हणाली, "बाबा, मी काही म्हटलं नाही म्हणजे मला काही नको होतं असं नाही." तिथून पुढे हिशेब चौदा वाट्यांचाच झाला. घेणाऱ्यालाही हेच सोयीचं आहे. उद्या एखाद्या बहिणीने दावा लावला तर कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही चढणार, आम्ही नव्हे. खरेदीआधी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस आम्ही आमच्या खर्चाने देऊ.

जुने कागद मराठीत आहेत, मोडीतही आहेत. ते चालतात का?

चालतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमचे त्याआधीचे दस्त मराठीत आहेत आणि काही मोडीत. कागदाची भाषा जुनी झाली म्हणून हक्क जुना होत नाही. आज्जीच्या ट्रंकेत लाल कापडात बांधलेले एकूण अकरा कागद निघाले. मोडी जाणणाऱ्या माणसाकडून त्यांचं देवनागरी लिप्यंतर करून घेतलं आहे, शेजारी मूळ कागदाचा फोटो लावला आहे. तुमच्या वकिलांनी वेगळ्या मोडी वाचकाकडून ताडून बघितलं तर आम्हाला आनंदच आहे.

त्या कागदांत हद्दी दिशांनी आणि शेजाऱ्यांच्या नावांनी दिल्या आहेत, फुटांनी नाहीत. पश्चिमेची हद्द 'नदी' एवढीच. म्हणून सरकारी मोजणी करून घेतली. जागा सव्वाअकरा गुंठे भरली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हिशेब तुमचा तुम्ही करा.

सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. उद्या गाव महाराष्ट्रात गेलं तर खरेदीचं काय?

काही होत नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो दोन राज्यांच्या हद्दीचा आहे. तुमच्या-आमच्या घराच्या मालकीशी त्याचा संबंध नाही. १९५६ साली राज्य बदललं तेव्हाही वाडा आमचाच राहिला, फक्त पावतीची लिपी बदलली. मन कुठे आहे हा वेगळा विषय, आणि आमच्या घरात त्यावर दोन मतं नाहीत. पण व्यवहार आजच्या घडीला कर्नाटकाच्या नियमांनी, खानापूरच्या उपनिबंधक कचेरीत होणार. दस्त कन्नडमध्ये होईल. त्याचं मराठी भाषांतर सह्यांच्या आधी सगळ्यांसमोर वाचलं जाईल, ही आमची अट आहे. न कळणाऱ्या कागदावर सही करू नये, एवढं आमच्या भागातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

आज कोणते कागद तयार आहेत?

ई-स्वत्तु या पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत-नोंदींतला नमुना ९ आणि ११ए, चालू वर्षापर्यंत घरपट्टी भरल्याच्या पावत्या, मोजणीचा नकाशा, वंशावळ, सगळे मृत्यूदाखले आणि बोजा नसल्याचा दाखला, ज्याला सगळे ईसी म्हणतात. ईसीबद्दल एक सांगायचं राहू नये: ऑनलाइन तो एप्रिल २००४ पासूनचाच निघतो. त्याआधीचा शोध कचेरीतल्या जुन्या वह्यांतून घ्यावा लागतो. आम्ही तो घेतला आहे. कुणीही 'ऑनलाइन ईसी कोरा आहे' एवढ्यावर जुनं घर घेऊ नये.

महाराष्ट्रातले, गोव्यातले लोक घेऊ शकतात का?

हो. वाडा गावठाणात आहे, शेतजमीन नाही. शेतजमिनीलाही कर्नाटकात शेतकरी असण्याची अट २०२० च्या दुरुस्तीने गेली.

भाडेकरू किंवा कूळ आहे का?

नाही. रस्त्याकडच्या दोन खोल्या पूर्वी भाड्याने होत्या, ताबा परत मिळाल्याचा कागद आहे.

वाडा नको, फक्त सागाचे खांब, दरवाजे आणि महिरपी देता का?

नाही. आणि हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोनदा येतो.

आमच्या गल्लीत आणखी एक वाडा होता, आमच्याहून देखणा. सात वर्षांपूर्वी त्याच्या मालकांनी लाकूड वेगळं विकलं. चार दिवसांत आठजणांनी तो उतरवला. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, शेवटी खांब दोरांनी ओढून काढले. ज्या खांबाला टेकून आम्ही लहानपणी आंब्याच्या फोडी खाल्ल्या तो ट्रकमधून घाट उतरून गेला. नंतर माझ्या मावसभावाने एका हॉटेलात तसलेच खांब बघितले, मधे केळीच्या कुंड्या. खांब वाचले म्हणता येईल. पण पहिल्याच पावसात उघड्या पडलेल्या भिंती विरघळल्या, कारण चिऱ्यांच्या मधे मातीच होती आणि डोक्यावर कौलं नव्हती. आता तिथे घाणेरीचं रान आहे आणि चौदावं की पंधरावं नाव उताऱ्यावर चढवायचं काम चालू आहे.

वाड्याच्या लाकडाचे पैसे वाड्याहून जास्त येतात, हे गणित आम्हाला माहीत आहे. दोन व्यापाऱ्यांनी ते कागदावर मांडूनही दाखवलं. चौदाजणांनी मिळून नको म्हटलं. चौदाजणांचं एकमत झालेली ही बहुधा पहिली गोष्ट.

वाड्यात गुप्तधन आहे का?

हसू नका, हे खरोखर विचारतात, आणि रात्री फोन करून विचारतात. वाड्यात पेव आहे, बळद आहे, भिंतीत दिवळ्या आणि एक चोरकप्पा आहे. सगळं आम्ही उघडून बघितलेलं आहे. चोरकप्प्यात देवीच्या यात्रेतल्या काचेच्या बांगड्या आणि एक अडकित्ता निघाला.

पुरलेलं काही सापडलंच तर ते सरकारला कळवावं लागतं, त्यासाठी कर्नाटकाचा १९६२ चा कायदा आहे. गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांवर २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. परड्यात अमावास्येला कुणीतरी लिंबू-नारळ ठेवून खणल्याचं एकदा आमच्या नजरेला आलं, तेव्हापासून तिथे दिवा लावलेला असतो.

दुरुस्ती किती आणि काय काय लागेल?

आधी छप्पर. मिरगाच्या आत कौलं परतून घ्यावीच लागतात, दरवर्षी. वानरं माडीवरून उड्या मारतात आणि पाच-पन्नास कौलं फोडतात. फुटलेलं एक कौल दुर्लक्षलं की त्याखालचा वासा दोन पावसात जातो, मग तुळईच्या टोकाला पाणी लागतं आणि भिंतीत गेलेलं टोक आतून कुजतं. ईशान्येची एक तुळई अशी गेली आहे, तिला लोखंडी आधार दिला आहे. ती बदलावी लागेल.

दुसरं, चूक आमची आहे ती सांगतो. २०१९ च्या पुरानंतर मागच्या भिंतीच्या दरजा धुऊन गेल्या होत्या. घाईघाईत आम्ही खालून चार फूट सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षं छान दिसलं. मग ओल सिमेंटच्या वर चढली आणि पाचव्या फुटाला चिरे भुरभुरायला लागले. जांभा पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट कोंडून धरतं. आता तो सगळा गिलावा काढून चुन्यात दरजा भरायला हव्यात. जुना गवंडी चुना भिजवून मुरवतो, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतो, आणि घाई केली तर काम सोडून जातो. असे हात खानापूर-बेळगाव भागात अजून आहेत, त्यांची गाठ आम्ही घालून देऊ.

वाळवी मागच्या पडवीच्या एका चौकटीला आहे, बाकी साग शाबूत आहे. वायरिंग नवं करावं लागेल. विहिरीला बारमाही पाणी आहे, पण पुरानंतर ती उपसून घ्यावी लागते. एकूण खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो तुम्हाला तिथे कसं राहायचंय त्यावर आहे. एसी आणि अटॅच बाथरूम सगळ्या खोल्यांना हवं असेल तर भिंती फोडाव्या लागतील, आणि अडीच फुटी भिंत फोडायला सांगणाऱ्याला आधी तिच्यावर काय उभं आहे ते दाखवा.

होमस्टे करता येईल का?

येईल, परवान्यांची तयारी तुमची. चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या वाटेने गोवा जवळ, भीमगडचं रान जवळ, हलशीची कदंबांची देवळं जवळ. गिऱ्हाईक येईल. फक्त नदीकडे रात्री मोठ्याने गाणी लावणारं गिऱ्हाईक आलं तर गाव दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं.

किंमत किती? थोडं रोखीत चालेल का?

किंमत प्रत्यक्ष भेटीत. रोख नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड. चौदा हिस्सेदारांत रोखीचा हिशेब कधी जुळत नाही, हेही कारण आहेच.

खरेदीदाराचा वरचा खर्च धरून चला: मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार धरून ग्रामीण भागात ५.६५ टक्के, आणि नोंदणी फी, जी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाली. एकूण किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा. 'प्रत्येकाचा हिस्सा तर ५० लाखांच्या खालीच आहे' ही पळवाट १ ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाली, एकूण किंमत धरतात. आणि तो चौदाजणांच्या पॅनवर चौदा वेळा वेगळा भरावा लागतो, त्यासाठी एक दुपार राखून ठेवा.

बँक कर्ज देईल का?

जागेवर देईल, वाड्यावर कठीण. मूल्यांकन करणारा इतक्या जुन्या बांधकामाची किंमत जवळजवळ शून्य धरतो.

एवढा जीव आहे तर विकता का?

हा प्रश्न फोनवर कमी आणि बघायला आलेल्यांकडून जास्त येतो, बहुधा मागच्या सोप्यात बसल्यावर.

वाडा चालायचा तो शेतीवर. भात यायचं, कोठी भरायची, त्यातून दरवर्षी कौलं, चुना आणि गडीमाणसं निघायची. १ मार्च १९७४ ला जमीन सुधारणा कायद्याने कुळांकडची जमीन सरकारकडे गेली, तिथून पुढे कुळांना. तो कायदा योग्य होता, राबणाऱ्याला जमीन मिळाली आणि आमच्या घरातही आजोबांनी त्याविरुद्ध दावा लावला नाही. पण वाड्याचं पोट त्या दिवशी गेलं. पुढे मुलं बेळगाव, पुणे, हुबळीला नोकरीला गेली. आज चौदा हिस्सेदारांपैकी गावात एकही नाही. गणपतीला पाच दिवस उघडायचा आणि बाकी वर्षभर वानरांना सोडायचा, असं आम्ही नऊ वर्षं केलं. शेवटची दोन वर्षं छपराचा खर्च वर्गणी काढून केला आणि वर्गणीवरून भावाभावांत बोलणं बंद झालं. तुळई कुजलेली कळली ती वहिनींना, गौरी बसवताना अंगावर भुसा पडला तेव्हा.

देवघरातले देव आणि तुळशीवृंदावन?

देव थोरल्या काकांकडे बेळगावला नेणार आहोत. पितळी मूर्ती जुन्या आहेत, शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा कायदा बघून कागद केले आहेत, त्या विक्रीत नाहीत. वृंदावन हलवता येत नाही, ते वाड्याबरोबर तुमचं. आज्जी असेपर्यंत वर्षातून एकदा, तुळशीच्या लग्नाला, तिला तिथे येऊ द्यावं एवढी विनंती आहे. करारात ती लिहिणार नाही.

बघायला कधी यावं?

जुलै-ऑगस्टमध्ये. डिसेंबरात नदी निळी असते, ऊन सोप्यात येतं आणि फोटो सुंदर निघतात. तेव्हाही या, पण सौदा त्यावर करू नका. आषाढातल्या धो धो पावसात एक रात्र वाड्यात मुक्काम करा, अंथरूण आणि जेवण आमच्याकडून. बॅटरी, छत्री आणि अंगावर घ्यायला जाड काहीतरी आणा. मागच्या सोप्यात झोपायचं असेल तर आधी कणकुंबीला फोन करतो आणि मग सांगतो. पुढच्या सोप्याच्या ईशान्य कोपऱ्यात पितळी घंगाळ ठेवलेलं असेल, ते सरकवू नका, कुजलेल्या तुळईची गळती बरोबर त्यात पडते.